तेल कुणी भरलं

आमचं गॅरेज आणि आमचं घर यांच्यामध्ये एक गोणपाट होतं, बाकी काही नव्हतं. गोणपाटाच्या अलीकडं स्कूटरी, पलीकडं चूल. बारामतीवरनं इंदापूरकडं निघालं की डाव्या अंगाला ती पत्र्याची शेड लागायची. ऊन चढलं की पत्रा कडकड वाजायचा, उसाचा ट्रॅक्टर गेला की गोणपाट हलायचं आणि रस्त्याची धूळ थेट पिठाच्या परातीत उतरायची. हौसा, म्हणजे माझी बायको, परातीवर पदर धरायची आणि ट्रॅक्टरवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची, पण हळू आवाजात, गिऱ्हाईक उभं असेल म्हणून. माझा हातोडा आणि तिची भाकरी, दोन्हींचा ठोका सारखाच. शेजारचा पंक्चरवाला दगडूतात्या म्हणायचा, "आयला पोपट, तुमच्यात मेस्त्री कोण हाय तेच कळंना." त्याला वाटायचं आपण विनोद केला.

हौसा जाऊन आता पाच महिने होतील. सगळे सांगतात, विसरा, देवाचं नाव घ्या. देवाला माझं काय सांगायचं ते मी बघीन. इथं मला जे लिहायचंय ते माणसांना सांगायचं होतं आणि माणसांपुढं माझं तोंड उघडलं नाही.

लग्नाला वर्ष झालं होतं तेव्हा. मी पणदऱ्याचा, शाळा सातवीपर्यंत, त्यातली शेवटची दोन वर्षं मास्तरची सायकल पुसण्यात गेली. घर आणि रान थोरल्या भावाकडं राहिलं, मी पाना घेऊन बारामतीला आलो. हौसाचं माहेर इंदापूर तालुक्यातलं. तिच्या आज्यापर्यंत त्यांची मेंढरं होती, बापानं शेती धरली, तरी घरात दहापाच मेंढरं असायचीच. शाळेचं तोंड तिनं बघितलं नव्हतं. पण तिची बोटं मी सांगतो, दुधाच्या पातेल्याला बाहेरनं बोट लावून ती सांगायची, उतू जायला अजून किती वेळ आहे. आणि तेवढ्याच वेळात ते जायचं.

थंडीच्या दिवसांत सकाळी हुलग्याच्या पिठाचं गरम, पातळ माडगं व्हायचं आणि संध्याकाळी शेंगोळी. पिठाची बोटभर वळकटी तळहातावर वळायची, दोन टोकं जोडायची आणि उकळत्या रश्श्यात सोडायची. लसणाचा वास गोणपाट ओलांडून गिऱ्हाइकापर्यंत जायचा. दोनतीन गिऱ्हाइकं तर स्कूटर झाली तरी उगाच उभी राहायची. मी रॉकेलनं हात धुऊन जेवायला बसायचो, त्यामुळं माझ्या प्रत्येक घासाला रॉकेलचा वास. ती म्हणायची, "तुमास्नी जेवाय घालायचं म्हंजी कंदिलाला जेवाय घातल्यावानी हाय." आम्ही हसायचो. त्या शेडमध्ये आम्ही लई हसलो, हे लिहून ठेवतो, कारण पुढं तसं हसणं झालं नाही.

माझं नाव होतं ते शॉकअपसाठी. स्कूटरचा, मोटारसायकलचा शॉकअप मी खोलायचो, धुवायचो, सील बदलून तेल भरायचो. गाडी हातानं दाबून सोडली की मला कळायचं आत काय बिघडलंय. गाडी दाबली की बसली पाहिजे आणि सोडली की उठली पाहिजे, पण टुणकन नाही, सावकाश. एवढंच ते शास्त्र. त्या वर्षी मात्र रस्ता मोजणारी माणसं आली आणि माझ्या शेडच्या खांबावर चुन्याची फुली मारून गेली. रस्ता रुंद होणार, शेड उठणार. दुसरी जागा कुठं मिळेना. गावाच्या बाहेर नवीन कारखाने उभे राहत होते. तिथं कायम झालेला माणूस रस्त्यानं चालला की त्याच्या चालण्यातच फरक दिसायचा. मला तसं चालायचं होतं. दुसरं काही नको होतं.

त्यातल्या एका कारखान्यात नाडकर्णी म्हणून साहेब होते. त्यांची स्कूटर माझ्याकडं यायची. एका दुपारी ते आले, बरोबर त्यांची बारा वर्षांची मुलगी मेघना, आणि तिच्या हातात टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी, दुखणाईत मांजर धरावं तसं धरलेलं. टॉवेल काढला तर आत गाडी. हातभर लांब, चारी चाकं उघडी, चाकांना काट्यासारखी रबरी बोंडं. साहेब जपानला शिकायला गेले होते तिथनं त्यांनी पोरीला आणलेली रिमोटची गाडी. त्या गाडीला ते बगी म्हणायचे. दगडूतात्या लगेच डोकावला. "पोपट, आता खेळण्यांचा दवाखाना काढलास व्हय रं?"

पण ते खेळणं नव्हतं. मी गाडी उलटी केली आणि तशीच धरून बघत बसलो. करंगळीएवढे चार शॉकअप, खरे. आत तेल, तेलात पिस्टन, पिस्टनला तीन भोकं, बाहेरनं स्प्रिंग. स्प्रिंग ताठ करायला बारक्या चकत्या. शॉकअप वर जिथं अडकवायचा त्या पट्टीला पाच भोकं, आतल्या भोकात अडकवला तर गाडी मऊ, बाहेरच्या भोकात कडक. स्कूटर बनवणाऱ्यानंही एवढा विचार केला नव्हता. चारातल्या तीन शॉकअपमधलं तेल गळून गेलं होतं. गाडी जमिनीवर ठेवली की चेंडूसारखी नाचायची.

साहेब म्हणाले, "ह्याचं तेल पुण्यात नाही, मुंबईत नाही. चौदा दिवसांनी रविवारी इंदापूरला शर्यत आहे, पुण्याच्या क्लबची मुलं येणार आहेत. मेघनानं जेवण सोडलंय."

"सोडलं नाहीये, बाबा. कमी केलंय," मेघना म्हणाली.

मग साहेबांनी मला बाजूला घेतलं. त्यांच्या कारखान्यात शॉकअप तपासायचा विभाग निघणार होता. "तुझ्यासारखा हात मला पाहिजे, पोपट. पण तुझं शिक्षण सातवी. वर सांगायला माझ्याकडं काही तरी हवं. शर्यतीला आमचे मोठे साहेब येणार आहेत. ही गाडी त्यांच्या डोळ्यांदेखत नीट पळू दे, बाकी मी बघतो." ते गेले तेव्हा मी खांबावरच्या फुलीकडं बघितलं आणि गाडी पोटाशी धरली.

पहिल्यांदा मी इंजिन ऑईल भरलं. मेस्त्री माणूस दुसरं काय भरणार! दोन दिवसांत आतल्या रबरी रिंगा फुगल्या आणि पिस्टनची दांडी जाम झाली. रिंगा दुसऱ्या मिळायच्या नव्हत्या. मी डोक्याला हात लावून बसलो. गोणपाटाच्या पलीकडनं हौसा म्हणाली, "रबराला एरंडेल सोसतं."

"तुला काय ठावं?"

"आमचं आबा पाण्याच्या इंजिनच्या पट्ट्याला लावायचं. पट्टा सटाकत न्हाय आन फुगत बी न्हाय. वरीसभर लावलं तरी रबार तसंच."

मी म्हणालो, गाडीत आणि पट्ट्यात फरक असतो. पण करायला दुसरं काही नव्हतं. रिंगा मी चार दिवस कोरड्या ठेवल्या, त्या हळूहळू पहिल्यासारख्या झाल्या. एरंडेल आणलं. ते भरलं तर गाडी उठेचना, फार दाट. मग तिनं करडईचं तेल काढलं, आमच्या खाण्यातलं. ताट तिरकं धरायचं, वरनं तेलाचा एक थेंब सोडायचा आणि तो खाली येईपर्यंत ती जात्यावर म्हणायच्या ओव्या मनात म्हणायची. शुद्ध एरंडेलाला तीन ओव्या लागायच्या. करडई मिसळत गेलं की दोन, दीड, एक. मागच्या शॉकअपला दीड ओवी, पुढच्याला एक. हा असला हिशेब मी जन्मात ऐकला नव्हता. आज कारखान्यांत त्यासाठी काचेची यंत्रं आहेत, मी तीस वर्षं ती हाताळली, आणि खरं सांगतो, ती यंत्रंसुद्धा तेच करतात. तेल एका भोकातनं सोडायचं आणि वेळ मोजायची.

तेल भरलं की त्यात बुडबुडे राहतात. बुडबुडा राहिला की शॉकअप पोकळ चालतो. मला बुडबुड्यांचा धीर नव्हता, मी झाकण लावून मोकळा व्हायचो. ती शॉकअप उभा धरायची, दांडी खालवर करायची, सावकाश, डोळे मिटून, आणि शेवटचा बुडबुडा वर आला की म्हणायची, "गेला." चार शॉकअपला तिनं एक अख्खी दुपार घेतली. डाळ शिजवायला ठेवली होती ती करपली. करपलेली डाळ आम्ही भाकरीबरोबर खाल्ली आणि गाडी दोघांच्या मध्ये ताटाशेजारी ठेवली होती, पोरगं बसवावं तशी.

मग गाडी सोडून बघायची. मी गुडघ्याएवढ्या उंचीवरनं सोडायचो आणि कसं बसतंय ते बघायचो. मला वाटलं झालं, जमलं. हौसा उकिडवी बसून बघत होती. ती म्हणाली, "न्हाय. फुडनं आपटती."

"कुठं आपटती?"

"मेंढरू बांधावरनं उडी मारतंय का न्हाय? ते फुडच्या गुडघ्यात आधी वाकतंय. मागचं पाय मागनं येत्यात, आन मग आंग वर उचलतंय. सावकाश. ही फुडनं वाकतच न्हाय. हिला गुडघंच न्हाईत."

मी पुढच्या चकत्या काढल्या, शॉकअप आतल्या भोकात अडकवला. सोडली. गाडी पुढनं वाकली, मागनं बसली, आणि दम घेतल्यासारखी वर आली. हौसानं टाळी वाजवली. दगडूतात्या पलीकडनं ओरडला, "काय रं, पोरगं झालं का काय?" त्या दिवशी मी तिला मेस्त्रीणबाई म्हणालो. चिडवायला म्हणालो, पण ते खरंच होतं.

शर्यतीच्या आदल्या दिवशी, शनिवारी भर दुपारी, साहेब आणि मेघना आले. साहेबांनी गाडी दाबली, सोडली, गुडघ्यावरनं टाकली, डोक्यावरनं टाकली. त्यांचं तोंड उघडंच राहिलं. "कुठलं तेल मिळालं तुला?"

इथं मी पहिल्यांदा खोटं बोललो. गोणपाटाच्या मागं करडईची बाटली, एरंडेलाची बाटली, ताट, सगळं पडलेलं. साहेब जपानला जाऊन आलेले. त्यांना मी कसं सांगणार, की बायकोनं ताटात थेंब सोडून ओव्या मोजल्या? म्हणालो, "हाय एक वळखीचा, साहेब. परदेशी तेल हाय."

"वा! मग आता हात लावू नकोस. स्क्रूसुद्धा फिरवू नकोस. ही अशीच पळवायची." आणि त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. साहेबाच्या हाताची पाठीवर पडलेली थाप कधीकधी माणसाला आंधळं करते.

ते गेल्यावर हौसा बाहेर आली. तिच्या हातात औषधाची एक बारकी बाटली होती. "शर्यत सकाळी हाय न्हवं? मग ह्ये भरा. आत्ता हाय ते दुपारचं तेल हाय. गारठ्यात एरंडेल दाट व्हतं. म्या रोज पहाटं ताट भाईर दवात ठिवून बघितलंय. सकाळला दीड ओवीचं तीन ओवीवर जातंय. ह्यात करडई जास्ती हाय, सकाळला बरूबर दीड व्हतं."

मला हे पटलं. पटलं नाही असं मी म्हणणार नाही. खोबरेलाची बाटली हिवाळ्यात उन्हात ठेवणारी माणसं आम्ही, तेलाला थंडी वाजते हे आम्हाला काय शिकवायचं? पण साहेब म्हणाले होते हात लावू नकोस. उद्या गाडी वेगळी लागली आणि त्यांनी विचारलं काय बदललंस, तर परदेशी तेलाचं सगळं उघडं पडणार. म्हणालो, "साहेबानं बघितलंय तसंच ऱ्हाणार. गाडीतलं मला सांगू नको."

ती बाटलीकडं बघत राहिली. मग म्हणाली, "बरं."

रविवारी दगडूतात्याच्या टेंपोतनं आम्ही इंदापूरला गेलो. हौसानं शेंगोळी डब्यात घेतली होती. तिथल्या साखर कारखान्याच्या कॉलनीमागं माळावर त्यांनी मैदान केलं होतं, मातीचे उंचवटे, वळणं, आणि शेवटी उसाच्या रानातल्यासारख्या दहाबारा बारक्या वरंब्यांची ओळ. धरणाच्या पाण्यावरनं असा गारठा येत होता की माणसं बोलली की तोंडातनं वाफ निघायची. पुण्याची पोरं कानटोप्या घालून, त्यांच्या गाड्या रंगीत, पेट्यांमध्ये हत्यारं. साहेबांचे मोठे साहेब खुर्चीवर शाल घेऊन बसलेले. मेघनाचा एक हात रिमोटवर आणि दुसरा खिशात, गरम करायला. ती मला म्हणाली, "पोपटकाका, मी पहिली आले तर काकूंच्या हातची शेंगोळी मला पण."

"आन दुसरी आलीस तरी बी घे, बाय," हौसा म्हणाली.

मी गाडी हातानं दाबली. बसली, आणि वर यायला इतका वेळ लावला, की म्हातारं माणूस जमिनीवरनं हात टेकून उठावं. मला कळलं. आत्ता लिहिताना सोयीसाठी म्हणत नाही, त्याच क्षणाला कळलं. हौसा जवळ आली. तिनं ती बारकी बाटली लुगड्याच्या ओच्यात बांधून आणली होती. "आजून येळ हाय. चार झाकणं तर काढायची. म्या धरते, तुमी वता."

साहेब चार पावलांवर उभे होते. मी दात दाबून म्हणालो, "गप ऱ्हा. जा तिकडं."

ती गेली.

शिट्टी वाजली. मेघनानं गाडी सोडली आणि पहिल्या वळणाला ती दुसरी होती. पहिल्या उंचवट्यावरनं उडाली, पुढनं वाकली, बसली. मोठे साहेब खुर्चीत पुढं सरकले. पण ती बसली ती बसलीच. उंची घेईना. दुसऱ्या उडीला आधीच वाकलेली होती, पोट घासलं. वळणांतनं कशीबशी निघाली आणि वरंब्यांत शिरली. दुसऱ्या गाड्या तिथं वरंबे मोजत पळत होत्या. आमची पहिल्या वरंब्याला थोडी खाली गेली, दुसऱ्याला आणखी, तिसऱ्याला आणखी, उठायला तिला सवडच मिळेना. पाचव्या वरंब्यात नाक रुतलं, गाडी शेपटीवर उभी राहिली, दोन कोलांट्या खाल्ल्या आणि पाठीवर पडली. चाकं वर फिरत राहिली. पुढच्या एका चाकाला धरणारा दांडा मोडून लोंबत होता.

मेघना रडली नाही. रिमोट खाली ठेवून ती गाडीकडं पळाली. साहेबांनी गाडी घेतली, दाबली. ती उठली नाही. त्यांनी खिशातनं चाकू काढून शॉकअपचं झाकण उघडलं, बोट लावलं, नाकाशी नेलं. गावात वाढलेला, लहानपणी नाक दाबून एरंडेल प्यालेला कुठलाही माणूस तो वास विसरत नाही. साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मोठे साहेब शाल सावरत येऊन उभे राहिले होते. पुण्याची माणसं गोळा झाली होती.

"पोपट, हे एरंडेल आहे. कुणी भरलं?"

बोलायला दोन शब्द होते. म्या भरलं. एवढंच. मी मागं वळलो, हौसाकडं बोट केलं आणि म्हणालो, "हिनं. माझ्या माघारी हिनं घरातलं तेल भरलं, साहेब. चांगलं तेल होतं ते हिच्या हातनं सांडलं."

सांडलं, हे मी कुठनं आणलं मला आजपर्यंत कळलेलं नाही. खोट्याला आपोआप पाय फुटतात.

तिच्या ओच्यात बाटली होती. ती दाखवली असती, कालपासनं काय काय म्हणत होती ते सांगितलं असतं, तर साहेबांना एका मिनिटात कळलं असतं. तेलातलं कळणारा माणूस होता तो. तिनं माझ्याकडं एकदाच बघितलं. रागानं नाही. नवीन माणूस दारात आला की आपण बघतो, हे कोण, तसं. मग हात ओच्यावर ठेवून बाटली आत सरकवली आणि म्हणाली, "व्हय साहेब. माझ्या हातनं झालं. ह्यांचं काय चुकलं न्हाय."

 मग पुण्याचा एक जण म्हणाला, "अहो, एरंडेल पाजल्यावर गाडी खालीच बसणार की!" सगळे फसकन हसले. दगडूतात्यानं भर घातली, "तरी म्हणलं, मधीच कुठं बसली!" मोठे साहेब शालीत तोंड घालून हसले. नाडकर्णी साहेबसुद्धा हसले, चांगला माणूस, पण हसले. म्हणाले, "वहिनी, हे खाण्याचं दुकान नाही हो." आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून मोठ्या साहेबांना सांगितलं, "काल दुपारी मी स्वतः गाडी बघितलीय, सर. सेटिंग अप्रतिम होतं. ह्याची चूक नाही." मोठे साहेब म्हणाले, "दिसतंय." मग मला म्हणाले, "सोमवारी ये." एवढ्यावर माझी नोकरी लागली.

मेघना तेवढी हसली नाही. ती हौसापाशी गेली आणि म्हणाली, "काकू, असू दे." हौसानं तिला डब्यातली शेंगोळी दिली. पोरीनं ती उभ्याउभ्या खाल्ली.

परत येताना टेंपोत तात्याची जीभ थांबेना. घरी आल्यावर मी तिला म्हणालो, "तू खरं का न्हाय बोललीस?" बघा माझा निर्लज्जपणा, तिलाच विचारलं. ती चूल पेटवत होती. म्हणाली, "मंग काय करायचं हुतं? चार मानसांत नवऱ्याला खोटा पाडायचा? नोकरी पायजे हुती, मिळाली. आता खुश ऱ्हावा." आणि थोडा वेळ फुंकणीनं फुंकून म्हणाली, "पर येक सांगते. हितनं फुडं तुमच्या कामातलं मला इचारायचं न्हाय."

मला वाटलं बायकांचा राग, आठ दिवसांत उतरेल. माणूस लग्न झालं की मोठा होतो म्हणतात. मी तिथं मोठा झालो, त्या चुलीपुढं, आणि लहान असतानाच बरा होतो.

तीस वर्षं मी त्या कारखान्यात काढली. शेड उठली, आम्ही पक्क्या घरात गेलो, पोरगा शिकला. पहिल्याच वर्षी तपासणीत मी म्हणालो, साहेब, गाडी दुपारी तपासता तशी पहाटेच्या गारठ्यातही तपासा, तेल दाट होतं. त्याबद्दल टाळ्या वाजल्या आणि मला भिंतीवरचं घड्याळ मिळालं. मी ते घरी नेलं. हौसानं विचारलं, कशाबद्दल? मी म्हणालो, असंच, कामाबद्दल. तिनं खिळा दिला, मी ठोकला.

आणि ती गोष्ट तर घरची गंमतच झाली. पोराच्या लग्नात, बारशात, कुणीतरी म्हणायचंच, "एरंडेलाचं सांगा की." तात्या सांगायचा, पोरगा सांगायचा, एकदोनदा मीसुद्धा सांगितली. होय, मीसुद्धा. हौसा वाढत असायची. सगळे हसले की तीही थोडी हसायची आणि विचारायची, कुणाला भात पाहिजे का. शेवटच्या दुखण्यात दोन महिने मी तिच्या उशाशी होतो. रोज ठरवायचो, आज बोलीन. रोज तिला पाणी पाजलं, कूस बदलून दिली, आणि पंखा वाढवू का म्हणून विचारलं. दुसरं काही विचारलं नाही.

तिच्या दहाव्याला कऱ्हेच्या काठावर मांडव होता. आमच्याकडं दहाव्याला प्रवचन होतं आणि मग माईकवर श्रद्धांजलीची भाषणं. ज्यांनी हौसाला कधी बघितलं नव्हतं असे दोन पुढारी ती किती मायाळू होती ते सांगून गाडीत बसून गेले. मग एक बाई उठली, चष्मा लावलेली, केस पिकायला लागलेले. मला ओळख लागायला वेळ लागला. मेघना. पुण्यात कुठल्या मोठ्या कंपनीत वरच्या जागेवर आहे, पेपरात वाचून मुद्दाम आली होती. ती म्हणाली, "मी लहान असताना काकूंनी माझ्या गाडीत चुकून एरंडेल भरलं होतं." मांडवात हसू आलं, डोळे पुसत पुसत लोक हसले. तिनं हसू ओसरू दिलं. "मी शर्यत हरले. पण त्या गर्दीत सगळे हसत असताना काकू पुढं आल्या आणि म्हणाल्या, माझ्या हातनं झालं. माझ्या हाताखाली आज शेकडो माणसं काम करतात. चूक झाली की प्रत्येकाचं बोट दुसऱ्याकडं जातं. आपलं चुकलं म्हणून सरळ सांगणारं माणूस मी त्यानंतर फार बघितलं नाही. मी ते काकूंकडनं शिकले." आणि तिनं फोटोला हात जोडले.

पोरानं माईक माझ्या हातात दिला. "आण्णा, दोन शब्द बोला."

दोन शब्दच बोलायचे होते. माझ्यासमोर दीडदोनशे माणसं मातीत बसलेली. दगडूतात्या आता वारला, साहेब वारले, मोठे साहेब वारले. मला कामावरनं काढणारं कुणी उरलं नव्हतं. घाबरायला काही उरलं नव्हतं. मी माईक तोंडाजवळ नेला. तो खरखरला. मेघना माझ्याकडं बघत होती, चांगल्या नजरेनं.

मी म्हणालो, "आलेल्या समद्यांचा मी आभारी हाय." आणि माईक परत देऊन खाली बसलो.

मागं कुणीतरी हळूच म्हणालं, म्हातारा लई खचलाय, बोलवंना त्याला. बायकांनी तोंडाला पदर लावले. मेघना माझ्याजवळ येऊन बसली आणि तिनं माझा हात हातात घेतला. मी तो घेऊ दिला.